झाकणाखालचा चहा

बु सारिनेम ग्लास उचलत नव्हत्या.

पडद्यावर बांतुल भागातल्या एका घराची ओसरी होती. ओसरीवर बाटिक नेसलेली एक वयस्क बाई. तिच्यापुढे चहाचा ग्लास, ग्लासावर पत्र्याचं झाकण. "घ्या, चहा घ्या," असं ती बाई म्हणाली, त्याला चार मिनिटं होऊन गेली होती. बुंनी माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला होता. हसऱ्या तोंडानं त्या नुसत्या बसल्या होत्या.

"अडकल्या," वेनिंगबरोबर गेम बनवणारा दामार तिच्याकडे वळून कुजबुजला. "ताई, ऐक माझं. ग्लासाभोवती चमकणारा बाण टाकू. नाहीतर ही ओसरीच काढून टाकू. पाचला गेम पाठवायचाय."

"पाच तर वाजू दे," वेनिंग म्हणाली.

आठवडाभरात एकोणीस जण गेम खेळून गेले होते. एकोणीस जणांनी ओसरीबद्दल एकच लिहिलं होतं. बाई कोरडी वाटते. एवढा डोंगर चढून आल्यावर हेच? विसाव्या बु सारिनेम. गल्लीच्या तोंडाशी केळीच्या पानात भात बांधून विकायच्या. जन्मात गेम खेळल्या नव्हत्या. मला जिनं वाढवलं त्या मावशीची ओसरी दाखवते, असं म्हणून वेनिंगनंच त्यांना हाताला धरून आणून बसवलं होतं.

ओसरी काढायची म्हणजे त्या बाईचा आवाजही जायचा. आवाज बुदेचा होता. बुदे, आईची थोरली बहीण. आई गेल्यावर नऊ वर्षांच्या वेनिंगला तिनंच वाढवलं. तीन वर्षांपूर्वी वेनिंगनं तिला कपड्यांच्या कपाटात बसवून, दाराला गादी लावून तो आवाज रेकॉर्ड केला होता. त्याच वर्षी बुदे गेली. तिचा आवाज दुसरीकडे कुठेच उरला नव्हता.

वेनिंग बुदेच्या त्याच ओसरीवर, आल्यागेल्याकडे पाठ करून, गेम खेळत मोठी झाली. पण एक गोष्ट तिला लहानपणापासून खुपायची. गेममध्ये कुणाच्याही घरात घुसायचं, मडकी फोडायची, नाणी उचलायची, आणि घरमालक आपला कोपऱ्यात उभा राहून तेच ते एक वाक्य बोलत राहणार. आपण एक तरी घर असं करू, असं तिनं ठरवलं होतं, जिथे येणाऱ्याला या-बसा असेल.

ती बुंच्या शेजारी जाऊन बसली.

"बु, ग्लासावर दाबा ना. चहा तुमच्यासाठीच आहे."

"माहीत आहे की."

"मग?"

पोरीनं चपलांसकट घरात पाय टाकल्यावर बघावं, तसं बुंनी तिच्याकडे पाहिलं. "पहिल्याच बोलण्याला ग्लास उचलू? हावरी दिसते का मी तुला? त्या बाईला पुन्हा म्हणू दे की." आणि पडद्याकडे वाकून म्हणाल्या, "राहू द्या हो, आत्ताच घेऊन निघाले."

दामारला हसू आलं. "बु, ती एकदाच बोलते."

"एकदाच?" बुंचा चेहरा उतरला. त्या पदर सावरून उठायलाच लागल्या. "मग आपण नकोसे झालोय, बाळा. चला."

एकदाच?

वेनिंगनं हा शब्द आधी ऐकला होता. ह्याच सुरात, कपाटाच्या अंधारातून. त्या दिवशी बुदेनं चहा घ्यायला तीनदा म्हटलं होतं, दर वेळी वेगळं. वेनिंग म्हणाली होती, "बुदे, एकदाच बोलायचं होतं गं. पहिलं स्वच्छ आलंय, तेच ठेवते."

"एकदाच?" बुदेनं विचारलं होतं. मग, "बरं बाई. तुझा गेम, तुला ठाऊक."

वेनिंगनं जुन्या फायली उघडल्या. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या दोन्ही होत्या. तिनंच नावं दिली होती, 'खराब एक' आणि 'खराब दोन'.

"दामार, ह्या दोन पुढे जोड."

"पण बाकीचे पहिल्यालाच ग्लास उचलतात. त्यांना ऐकू कशा येणार?"

"उचलताच येऊ देऊ नकोस. पहिल्या दोन वेळा बटणावर फक्त 'राहू द्या' लिही."

दामारनं तिच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि कामाला लागला.

पाचाला वीस कमी असताना बु पुन्हा ओसरीवर बसल्या.

"घ्या, चहा घ्या." पहिल्यांदा बुदेचा आवाज दारातून बोलल्यासारखा आला.

"राहू द्या," बुंनी बटण दाबलं, तोंडानंही म्हणाल्या.

"अहो घ्या ना, एवढ्या उन्हातून आलात." आता तो शेजारी येऊन बसल्यासारखा जवळ आला होता.

"राहू द्या. कशाला उगाच त्रास."

तिसऱ्यांदा बुदे थेट चुलीजवळ बसवून घेतल्यासारखी बोलली. मध्येच हसली, हसता हसता खोकली, आणि पाहुणीला अगं-तुगं करून बसली. "घे गं बाई, साखर मुद्दाम जास्त घातलीय. गार होईल."

बुंनी ग्लास उचलला. पडद्यावर झाकण बाजूला झालं, वाफ वर आली.

"आता कसं," बु म्हणाल्या. मग डोळ्यांच्या कडा पुसत त्यांनी वेनिंगकडे पाहिलं. "पण तू तर हिच्याच घरात वाढलीस ना, पोरी? तुला एवढं ठाऊक नव्हतं?"

बुदेनं आपल्याला कितीदा 'घे' म्हटलं, ते वेनिंग आठवू लागली. एकदाही नाही. ती पाठ करून खेळत असायची, आणि ग्लास तिच्या हाताशी आलेला असायचा. झाकण काढून.