भाजीच्या कप्प्यातले वॉशर

चाकणच्या कंपनीत स्वरूपा प्रत्येक पाकिटात सहा वॉशर भरायची. तिला मोजता येत नव्हतं, म्हणून तिला कामाला लावणाऱ्या संस्थेच्या साधनाताईंनी सहा खळग्यांचा ट्रे करून दिला, तीन महिने शेजारी बसून काम शिकवलं. "आता तुझं तुला जमतंय गं," म्हणत त्या यायच्या थांबल्या, त्याला दीड महिना झाला. आज सुपरवायझरने त्यांना बोलावून घेतलं. "ताई, चाळीस पाकिटांत एकेक वॉशर कमी भरलाय. पुन्हा असं झालं तर तिला काढावं लागेल." साधनाताई चमकल्या. खरी चूक इतकी एकसारखी होत नाही. "स्वरूपा, उरलेले वॉशर कुठेत?" तिने जेवणाचा डबा उघडला. भाजीच्या कप्प्यात सगळे वॉशर, स्वच्छ पुसलेले. "जपून ठेवलेत. तुमी आलात की घालणार होते." मग बाकावर सरकून, दीड महिना कुणालाही बसू न दिलेली जागा तिने हाताने झटकली. "बसा की."