चौथं घड्याळ

चौथं घड्याळ आजही मागे होतं.

जेबाने लॅपटॉपसमोर कपाळाला हात लावला. देवणीतल्या चार मशिदींची घड्याळं तिने मशीद कमिटीच्या ऑफिसातल्या छोट्या सर्व्हरला जोडली होती. इंटरनेट गेलं तरी तो सगळ्यांना एकच वेळ सांगायचा. तीन घड्याळं गुणी लेकरांसारखी ऐकत होती. तळ्याकाठचं तेवढं ऐकेना. तिच्या नावावरचं हे पहिलंच काम. आज जुळलं नाही, तर कमिटी उदगीरहून दुसरा माणूस बोलावणार होती.

छोट्या लेकीला, कहकशांला, कडेवर मारून ती तडक तळ्याकाठी गेली. मशिदीच्या दारालगतच्या खोलीत अजान देणारे म्हातारे पाशामियाँ घड्याळाची वायर काढून काटकुळ्या बोटाने बटण दाबत वेळ मागे करत होते.

“चाचा! तुम्हीच करून राहिले होय हे?”

पाशामियाँ लाजले. “बेटी, पहले माझी अजान समद्यांत शेवटी व्हायची. ती ऐकून तुझी चाची चहाच्या तयारीला लागते. आता चारी एकदम झाल्या, तर तिला माझी कशी कळावी?”

जेबाने कमिटीच्या अजहरभाईंना फोन लावला.

“भाई, पाशाचाचांचं घड्याळ जरा मागंच राहील.”

“का बरं?”

“चाचींसाठी.”

कारण ऐकून अजहरभाई खो खो हसले. “राहू दे मग. तुझं काम पास!”

जेबा हवेतच होती. परतताना ती चाचींच्या, म्हणजे सुलतानबींच्या घरात शिरली. “चाची, चाचांची अजान आता वेगळीच ऐकू येणार!”

“मोठ्यानं बोल गं.”

जेबा ओरडून बोलली. सुलतानबींनी आधी दाराकडे पाहिलं, मग कहकशांला मांडीवर ओढलं.

“माझे कान कवाच गेले, पोरी. दारातली हाक कळत न्हाई, तळ्यावरची अजान कुठली? मी आपली भिंतीवरचं घड्याळ बघून चहा ठेवते. हा म्हातारा रोज उशिरा येतो अन् चहाचं पार पाणी होतं. पण त्याला सांगू नको हां. मी ऐकते म्हणून तो लई जोर लावून अजान देतो.”

जेबाने स्टूल ओढलं, भिंतीवरचं घड्याळ उतरवलं आणि पाशामियाँच्या घड्याळाशी जुळवून दिलं.