ओळख पटवणे

जमादार ज्ञानोबा बसला नाही. वहिदानं चहा पुढं केला, तोही त्यानं तसाच कट्ट्यावर ठेवला.

"चाची, एका फोटोची ओळख पटवायची हाय. बाहेरच्या देशातून आलाय."

वहिदा पोळ्या लाटत होती. लातुरात शिकवणीला येणाऱ्या पोरांसाठी तिची खानावळ होती. दुपारी साठ ताटं उठायची. तिनं हात पुसले. हा दिवस येणार, हे तिला ठाऊक होतं.

मुज्तबा दोन वर्षांपूर्वी परदेशी गेला. व्हिसा संपल्यावर परतला नाही, पासपोर्टही फाडून टाकला. त्याचा शेवटचा फोन दोन महिन्यांपूर्वीचा. "अम्मी, मेरेकू पकडे. कोई फोटू लेके आया तो नक्को पैचानो. तुम पैचाने तो दोनों सरकारां मिलके विमान में बिठा देते. नै पैचाने तो छोड देते."

त्यानंतर फोन नव्हता. काढून घेतला असेल, असं ती स्वतःला सांगायची.

ज्ञानोबानं फोटो पोळपाटाशेजारी ठेवला.

मुज्तबाच होता. डोळे मिटलेले. शाळेच्या फोटोतही यानं डोळे मिटलेच होते. उजव्या भुवईवर भूकंपातली खूण. त्या सकाळी दगडांखालून काढलेली गावातली सगळी पोरं मातीनं एकसारखी दिसत होती. दोन वर्षांच्या मुज्तबाला तिनं नुसत्या पायाच्या अंगठ्यावरून ओळखलं होतं.

"कोण हो हा?" तिनं विचारलं.

"तुम्हीच सांगा. ह्याच्यापाशी तुमच्या खानावळीचं कार्ड सापडलं."

"हजार पोरं जेवून गेली, जमादारसाब. कुणी डॉक्टर झालं, कुणी पैसे बुडवून पळालं. कार्ड कुणापाशी बी असंल."

"तुमचा मुज्तबा कुठं हाय?"

"मुंबईला. कामाला."

ज्ञानोबानं टोपी काढून हातात धरली. "नीट बघा, चाची. तिकडचं सरकार पाठवायला राजी हाय, आपलं आणायला राजी हाय. खर्च बी तेच करणार. घरच्यांनी हाव म्हणायचं, तेवढंच अडलंय."

"त्यानं केलं काय?"

"आधी ओळख पटू द्या. परक्यापायी तुम्हाला घोर कशाला?"

गोड बोलून काढून घेतात, हे तिनं ऐकलं होतं.

"न्हाई. हे माझं लेकरू न्हाई."

"पुन्हा कुणी इचारायला येणार न्हाई, बघा."

"मग बरंच हाय की."

ज्ञानोबा पहिल्यांदाच खुर्चीवर टेकला. त्यानं जबाब लिहिला. "चांगलं झालं, चाची. लई चांगलं झालं," म्हणाला, आणि गार झालेला चहा एका घोटात पिऊन टाकला.

वहिदानं सही केली. अंगठा द्यायचे दिवस गेले होते. खानावळीत जेवायला येणाऱ्या तनुजानं तिला चाळिशीनंतर अक्षरं शिकवली होती. सही करताना मात्र तिचं सगळं ध्यान आपल्या नावातच असायचं. वाचायचं ते सवडीनं, मागाहून.

नक्कल तिच्या हाती देऊन ज्ञानोबा गेला.

तिनं शेवयांना दूध तापत ठेवलं. लेकरू सुटणार होतं. आज पोरांना गोड वाढायचं होतं.

मग ती खिडकीशी बसली आणि नकलेवर बोट ठेवून एकेक अक्षर लावू लागली. पहिला शब्द 'सदर'. त्याचा अर्थ तिला लागला नाही. बोट पुढच्या शब्दावर गेलं.

म. य. त.