शेवटची पायरी

परीक्षा तोंडावर आली होती आणि इंटिग्रेशनच्या त्या एका गणितात अख्ख्या क्लासमध्ये तिचंच उत्तर जुळत नव्हतं. पुस्तकात मागे छापलं होतं आठ. तिचं दर वेळी मायनस आठ.

"तुझं कसं आलं गं?" तिने बाकावरच्या मैत्रिणीला विचारलं.

"आलं कुठे? आणलं."

तिची वही पाहून सर वैतागले. "सगळ्यांचं जुळतंय, मग तुझंच घोडं कुठे अडतंय? कितीदा सांगितलं, पायऱ्या नीट लिहा, प्रत्येक पायरीला मार्क असतो. नसेल झेपत तर परीक्षेत हे गणित सोड आणि सोपं घे. उद्या वडिलांना घेऊन ये."

तिने टेबलावरचा खडू उचलून पुढे केला. "सर, एकदा तुम्हीच सोडवून दाखवा ना."

सरांनी बाह्या सरसावल्या. फळा भरला आणि तळाशी उत्तर आलं मायनस आठ. सरांनी पुस्तकाचं मागचं पान पाहिलं, फळा पाहिला, मग अंगठ्याने मायनस अलगद पुसला.

"बघ, आलं की नाही?"

तिने सगळं वहीत उतरवून घेतलं आणि हात वर केला.

"सर, अंगठ्याच्या पायरीला किती मार्क असतात?"