न सरकणारा डाग

ओहोळबाई गेल्यावर त्यांचे कागद लावायला मी नगरहून संगमनेरला आले. १९४६ चा फेब्रुवारी होता. कागद म्हणजे सगळे सूर्यच. दुर्बिणीतून कागदावर पडलेल्या उन्हाच्या गोलातले काळे डाग पेन्सिलीने उतरवायचे आणि खाली तारीख घालायची. बाईंनी बावीस वर्षं रोज हेच केलं. मलाही त्यांनीच शिकवलं.

सूर्य स्वतःभोवती फिरतो, म्हणून कुठलाही डाग पंधरवड्यात एका काठावरून दुसऱ्या काठाआड जातो. शेवटच्या वर्षातला एक डाग मात्र जातच नव्हता. एप्रिलमध्ये तो काठावरचा ठिपका होता. ऑक्टोबरात त्याला डोकं आणि खांदे आले. नाताळात पदर दिसायला लागला. शेजारी बाईंच्या नेहमीच्या स्वच्छ अक्षरात लिहिलेलं, "आज कालच्यापेक्षा जवळ." बाई गेल्या त्या दिवशीच्या कागदावर अख्खा गोल काळा होता.

म्हातारपणी नजर दगा देते, अशी मी मनाची समजूत घातली. बाईंचं काम खंडू नये म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर दुर्बीण लावली आणि कोरा कागद धरला. काठावर एक बारीक ठिपका होता.

"मुबारकबी, जरा फडकं आणता? भिंगाला काहीतरी लागलंय."

बाईंचं घर सांभाळणाऱ्या मुबारकबी जिन्यातच थांबल्या. वर यायला तयार होईनात.

"ताई, बाई बी पयल्या दिवशी आसंच म्हनल्या हुत्या."