महिन्याची दाढी

महिनाभराने मास्तर दुकानात शिरले. वाढलेली दाढी बघून न्हाव्याने खुर्ची झटकून पुढे केली. त्याच्या लेकीला राखीव जागेवर मेडिकलला प्रवेश मिळाला होता. तिच्याहून जास्त मार्क पडूनही मास्तरांचा मुलगा राहिला होता. दोघांचा अभ्यास मास्तरांनीच एका टेबलावर घेतलेला. फेस लावून झाला. वस्तरा गळ्याशी आला आणि मास्तर उसळले, “हा काय न्याय रे?” “हलू नका मास्तर, कापेल.” “उत्तर दे!” न्हाव्याने हात थांबवला. “माझ्या बापाला शाळेच्या पायरीवरून हाकललं होतं. आज लेक आत गेली. पण तुमचा पोरगा राहिला, त्या दिवशी आमच्याही घरात कुणी जेवलं नाही.” न्हाव्याने वस्तरा पुसला. “राग होता, तर समोरच्या सलूनमध्ये जायचंत.” “वाटेल त्याच्या हातात मान देऊ होय?” म्हणत मास्तरांनी डोळे मिटून हनुवटी वर केली.