पाचवं वाक्य

इंग्रजीच्या शिकवणीतल्या बाईंचा एकच दंडक होता: पुस्तकातली वाक्यं उतरवायची नाहीत, आपल्या आयुष्यातलं खरं तेवढंच लिहायचं. आज ‘लुक आफ्टर’ची पाळी होती, म्हणजे सांभाळणं, काळजी घेणं. वाक्यं पाच. परदेशातल्या वृद्धाश्रमातली नोकरी इंग्रजीच्या परीक्षेवर अडली होती, म्हणून ती नर्स ड्यूटीवरून आल्या आल्या वही घेऊन वडिलांच्या खाटेशी बसली. वॉर्डातल्या पेशंटवर चार वाक्यं तिने एका दमात लिहून काढली. पाचव्याला पेन थबकलं.

“काय अडलं गं?” वडिलांनी पडल्या पडल्या विचारलं. लकवा झाल्यापासून त्यांची कूसही तीच बदलायची.

“काही नाही, बाबा.”

“मग लिही की, मी माझ्या वडिलांना सांभाळते. खोटं आहे का?”

तिने वही खाटेवर ठेवली.

“आज खरं आहे,” ती म्हणाली. “पण पास झाले तर खोटं ठरेल.”

वडिलांनी चांगल्या हाताने वही तिच्याकडे सरकवली.

“म्हणून तर म्हणतो, आजच लिहून ठेव.”